मुलगा म्हणतो, आर्मीतला हॅकर होणार

ताई नमस्कार, पत्र मिळालं. मुलगा अकरावी सायन्सला, 'अग्लीगोरिला' नावाच्या चिनी हॅकरबद्दल वाचल्यापासून आर्मीत हॅकरच व्हायचं म्हणतोय, कोडिंगला इंग्रजी कशाला म्हणून इंग्रजीचा क्लास सोडायला निघालाय, आणि परवा शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड काढून दाखवला म्हणून तुमची झोप उडालीय.

आधी त्या अग्लीगोरिलाचं बघू. खरं नाव वांग डोंग, चिनी लष्कराच्या शांघायमधल्या युनिट ६१३९८ चा माणूस. मे २०१४ मध्ये अमेरिकेनं त्याच्यासह पाच जणांवर आरोपपत्र ठेवलं, वेस्टिंगहाऊस, यूएस स्टील, अल्कोआ अशा कंपन्यांत घुसून माहिती चोरल्याचं. चीननं सगळं नाकारलं, खटला काही उभा राहिला नाही. पण चेहरा एफबीआयच्या वॉन्टेड पोस्टरवर गेला, म्हणजे आता परदेशात जायचं तर दहादा विचार करायचा. हुकूम वरच्यांचा आणि फोटो ह्याचा! हे मुलाला जरूर सांगा, कारण यूट्यूबवाले एवढंच सोडून बाकी सगळं सांगतात.

आणि काम काय होतं म्हणाल तर बरंचसं ईमेल लिहिण्याचं. अल्कोआच्या केसमध्ये २००८ साली म्हणे संचालकाच्या नावानं साधारण १९ जणांना मेल गेला, वार्षिक सभेचा अजेंडा म्हणून फाइल जोडलेली, उघडली की व्हायरस आत. काळा हुडी, हिरवे आकडे वगैरे काही नाही हो, सरकारी ऑफिसातली नोकरीच ती.

आता आपल्याकडचं. आपल्या लष्करातही सायबरचं काम आहे, डिफेन्स सायबर एजन्सी आहे, पण तिथे बारावीनंतर थेट 'हॅकर' म्हणून भरती होत नाही, आधी लष्करात जावं लागतं. अधिकारी म्हणून जायचं तर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, नाहीतर पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि जेईई मेन्सच्या जोरावर टेक्निकल एंट्री, पुढे सिग्नल्स, म्हणजे लष्कराचं संदेशवहनाचं दल, मिळालं तर मध्य प्रदेशातल्या महूच्या कॉलेजात ट्रेनिंग. सिग्नल्सच मिळेल याची गॅरंटी नाही, हे त्याला आत्ताच कळू दे. वर्दी नकोच असेल तर इंजिनिअरिंग करून पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचा सायबर सिक्युरिटीचा कोर्स, तोही चांगला रस्ता आहे.

वायफायचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा धरला जाऊ शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि भरतीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशन असतं. शेजाऱ्यांकडे त्याला स्वतःला पाठवा, पासवर्ड बदलून द्यायला. हात शिवशिवतातच तर घरी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर, टाकून काय ते फोडू दे.

आणि इंग्रजीचा क्लास सोडू देऊ नका. त्याच युनिट ६१३९८ बद्दल मँडियंट या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीनं २०१३ साली रिपोर्ट काढला होता, त्यात लिहिलंय की तिथल्या माणसांना कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगबरोबर इंग्रजीही चांगलं यावं लागायचं.