अमेरिकेत कॉलेजचे कोच बास्केटबॉलची मुलं कशी हेरतात? रिक्रूटिंग सर्व्हिसला पैसे भरावेत का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगा इथे अमेरिकेत दहावी संपवतोय, उंची सहा फूट एक इंच, शाळेच्या मुख्य (व्हर्सिटी) संघात गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा खेळाडू, म्हणून खेळतो, सामन्यामागे १८ गुण काढतो, तरी एकाही कॉलेजचा फोन नाही. त्यात एका रिक्रूटिंग सर्व्हिसने ‘प्रोफाइल देशभर पोचवतो’ म्हणून काही हजार डॉलर मागितलेत. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, हेही लिहिलंय. मी इथे हायस्कूलच्या मुलांच्या क्लब टीमला बरीच वर्षं शिकवतोय. माझ्या मुलांबद्दल कॉलेजच्या असिस्टंट कोचांचे फोन येणं आणि मी त्यांना फोन करणं, हे वर्षभर चालू असतं.

पैशाचं आधी सांगतो. भरू नका, निदान आत्ता तरी नाही.

आणि फोन न येण्याचं एक साधं कारण नियमातच आहे. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी एनसीएए ही संस्था कॉलेजांचे तीन स्तर करते, त्यात डिव्हिजन वन सगळ्यात वरचा. डिव्हिजन वनच्या पुरुष संघांच्या कोचांना मुलाला फोन, मेसेज किंवा ईमेल करायची परवानगी दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मिळते. त्याआधी त्यांनी मुलाला पाहिलेलं असू शकतं, वहीत नाव टिपलेलं असू शकतं, पण ते बोलू शकत नाहीत. मुलगा मात्र त्यांना कधीही लिहू शकतो. डिव्हिजन थ्रीच्या कोचांना असं बंधन नाही. तेव्हा आत्ताच्या शांततेवरून कुठलाही अंदाज बांधू नका.

आता मूळ मुद्दा. कॉलेजचा कोच नुसता ‘चांगला खेळाडू’ शोधत फिरत नसतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्या संघातली कुठली जागा रिकामी होणार, कुठला पॉइंट गार्ड शेवटच्या वर्षाला आहे, कोण सोडून जायच्या बेतात आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. तो ती जागा भरायला बाहेर पडतो. ज्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे तीन गार्ड आधीच आहेत, तिथून तुमच्या मुलाने ३० गुण काढले तरी फोन येणार नाही, आणि तो नकार त्याच्या खेळाला नसतो. पालकांना ही गोष्ट कळली की निम्मी तगमग कमी होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ‘देशभर’ पोचणं निरुपयोगी आहे. ज्या वीस-पंचवीस कॉलेजांना त्याच्यासारख्या गार्डची त्याच्याच वर्षी गरज पडणार आहे, तिथे पोचायला हवं. कॉलेजांचे रोस्टर, म्हणजे संघांच्या याद्या, त्यांच्या वेबसाइटवर उघडे असतात, त्यात प्रत्येक खेळाडूची उंची आणि वर्ष दिलेलं असतं. एका रविवारी मुलाला शेजारी बसवून ते वाचा. हे काम फुकट आहे आणि सर्व्हिसवाले तुमच्यासाठी ते करणार नाहीत.

आकडेही डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेत हायस्कूलला बास्केटबॉल खेळणारे मुलगे पाच लाखांच्या वर आहेत. त्यातला शंभरात जेमतेम एक डिव्हिजन वनला पोचतो. तिन्ही डिव्हिजन धरल्या तरी शंभरातले तीन-चारच. शिवाय गेल्या काही वर्षांत शाळेतून थेट येणाऱ्या मुलांची वाट आणखी अरुंद झाली आहे. २०१८ साली ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं, २०२१पासून पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२५च्या वसंतात डिव्हिजन वनच्या दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव घातलं. कोचची नोकरी जिंकण्यावर टिकते. अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला बावीस वर्षांचा गार्ड घेणं त्याला सोपं पडतं. त्यात जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघात १५ जणांचीच मर्यादा आली. परिणाम असा, की पूर्वी ज्या मुलाला लहान डिव्हिजन वन कॉलेजची ऑफर आली असती तो आज डिव्हिजन टूमध्ये दिसतो, आणि डिव्हिजन टूचा मुलगा थ्रीमध्ये. मला हे मुलांवर अन्यायकारक वाटतं, पण नियोजन याच परिस्थितीत करायचंय.

आता हेरतात कसं, ते. शाळेचे सामने कोच पाहतात, पण त्यांचा मोठा बाजार वसंतातल्या आणि जुलैमधल्या ठरावीक दिवसांत, क्लबच्या स्पर्धांमध्ये भरतो. त्याला सगळे ‘लाइव्ह पीरियड’ म्हणतात. नायकीची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची यूएए या वरच्या साखळ्या. त्यातली जुलैतली पीच जॅम साउथ कॅरोलायनात नॉर्थ ऑगस्टाला होते. त्याखाली असंख्य स्पर्धा, एकेका हॉलमध्ये आठ-दहा कोर्ट शेजारी शेजारी. बेसलाइनच्या कडेला घडीच्या खुर्च्या, त्यांवर कॉलेजचं चिन्ह असलेले पोलो शर्ट, हातात संघांच्या याद्या. तिथे कोच पाहू शकतात, पण खेळाडूंशी किंवा पालकांशी बोलू शकत नाहीत, म्हणून कृपा करून जवळ जाऊन ओळख करून देऊ नका.

बसायची जागा बघा. अनुभवी असिस्टंट कोच बरेचदा बेंचच्या समोरच्या बाजूला बसतो, कारण त्याला मुलाचा चेहरा पाहायचा असतो: बाहेर काढल्यावर तो आपल्या कोचकडे बघतो की जमिनीकडे, शेजाऱ्याच्या बास्केटला उठून टाळी देतो की टॉवेल डोक्यावर घेतो. तो वॉर्म-अपलाही हजर असतो. डाव्या बाजूने लेअप करताना मुलगा डावा हात वापरतो का, एका पायावर उडतो की दोन्ही, हे तिथे मोकळेपणी दिसतं.

एका जुलैत माझ्या संघातल्या एका मुलाने सहा थ्री-पॉइंटर टाकले. समोर डिव्हिजन टूचा एक असिस्टंट पूर्ण सामना बसून होता. नंतर त्याचा फोन आला तो मात्र दुसऱ्याच मुलाबद्दल, ज्याने सगळे मिळून चार गुण काढले होते. कोच म्हणाला, “तो मुलगा प्रत्येक स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवायला उभा राहणारा खेळाडू) आधी ओरडून सांगत होता, मला पलीकडच्या कोर्टपर्यंत ऐकू येत होतं. आणि त्याने स्वतःपेक्षा उंच पोराला दोनदा बॉक्स आउट करून, म्हणजे अंगाने अडवून मागे ठेवून, चेंडू दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला.” त्याच्या संघात शूटर भरपूर होते. बचाव बांधून ठेवणारा कोणी नव्हता.

स्टेफन करीची गोष्ट याच जातीची आहे. शाळेत असताना तो सहा फुटांच्या आसपास, सडपातळ. वडील डेल करी व्हर्जिनिया टेकला खेळलेले, तरी त्या कॉलेजने त्याला स्कॉलरशिपविना वॉक-ऑन म्हणूनच यायला सांगितलं. डेव्हिडसनच्या बॉब मॅकिलॉप यांनी त्याला लास व्हेगासच्या एका स्पर्धेत पाहिलं, तेव्हा तो अतिशय वाईट खेळला होता. पास सुटत होते, शॉट चुकत होते, चेंडू प्रेक्षकांत जात होता. पण त्याने रेफरीला दोष दिला नाही, सहकाऱ्याकडे बोट दाखवलं नाही, बेंचवर असताना संघाला ओरडून साथ दिली, हे मॅकिलॉप यांच्या मनात राहिलं, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. २००८ साली त्याच करीने त्या छोट्या कॉलेजला एनसीएए स्पर्धेत शेवटच्या आठांत नेलं.

जा मोरंट हा खेळाडू तर नामवंत मुलांच्या यादीत कुठेच नव्हता. २०१६च्या उन्हाळ्यात मरी स्टेट या कॉलेजचे असिस्टंट कोच जेम्स केन साउथ कॅरोलायनातल्या एका कॅम्पला दुसराच मुलगा पाहायला गेले होते. खायला काही घ्यावं म्हणून उठले, मागच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला, डोकावले, तर तिथे तिघांविरुद्ध तिघे खेळत होते आणि त्यात मोरंट होता. त्यांनी लगेच हेड कोचला फोन लावला. २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, मोरंट दुसऱ्या क्रमांकावर गेला.

तुमच्या मुलाच्या बाबतीत कोच काय विचारेल, ते मी सांगू शकतो, कारण मला तेच प्रश्न येतात. अनवाणी उंची किती? हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत किती? आई-वडील, मामा किती उंच? हा शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड होता, मग सुमारे आठ इंच वाढला. अकरावीपर्यंत त्याला क्लीव्हलंड स्टेटची एकच ऑफर होती. पुढे विचारतात: तो कोणाला अडवू शकतो? सहा फूट एक इंचाच्या गार्डसाठी हा सगळ्यात कळीचा प्रश्न आहे, कारण शाळेत तो त्याच्यापेक्षा बुटक्यांविरुद्ध खेळतो आणि कॉलेजात समोर सहा फूट चार इंचांचा येतो. पूर्ण कोर्टवर दबाव टाकला तर चेंडू वर आणतो का? डाव्या हाताने, ड्रिबल न थांबवता, कोपऱ्यात पास देतो का? फ्री थ्रो किती टक्के? पाच-सहा सामन्यांतल्या थ्री-पॉइंटच्या टक्केवारीवर कोणी विसंबत नाही. फ्री थ्रोवरून हात खरा कसा आहे हे जास्त कळतं. १८ गुणांची सरासरी कोणी विचारत नाही.

मग करायचं काय? फिल्म बनवा, अडीच-तीन मिनिटांची. गाणं नको, डंक एखादाच, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याच्यावर बाण. पहिल्या सहा तुकड्यांत बचावाचा निदान एक आणि पासिंगचे दोन असू द्या. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक, शक्यतो तगड्या संघाविरुद्धची, हरलेली असली तरी चालेल. कोचला रस वाटला की तो हायलाइट सोडून पूर्ण सामनाच मागतो. ईमेल मुलाने स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या शब्दांत लिहावी. त्यात पासआउटचं वर्ष, उंची, जीपीए (अभ्यासातली सरासरी), क्लब कोचचा नंबर, आणि जुलैत कुठल्या कोर्टवर किती नंबरची जर्सी घालून खेळणार ते. ती हेड कोचपेक्षा तुमचा भाग सांभाळणाऱ्या असिस्टंटला पाठवा. आणि ते पत्र तुम्ही लिहून देऊ नका, कोचांना ते पहिल्या ओळीत कळतं.

‘इलाइट कॅम्प’ची निमंत्रणं येतील. त्यातली बहुतेक घाऊक असतात. ज्या कॉलेजच्या असिस्टंटने मुलाचा सामना पाहिलाय आणि मुलाशी किंवा क्लब कोचशी स्वतः बोललाय, त्याच कॅम्पचे पैसे भरा.

ऑफर आली तरी सावध राहा. तोंडी ऑफर म्हणजे बघून गेलेल्या पाहुण्यांनी ‘कळवतो’ म्हणण्याइतकीच पक्की असू शकते. सरळ विचारा, “त्याने आज होकार दिला तर तुम्ही घ्याल का?” उत्तर अडखळलं की समजून जा. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र, ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता सही केलेला आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद.

डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगकडे (हार्वर्डसारख्या जुन्या विद्यापीठांच्या गटाकडे) नाक मुरडू नका, ही माझी कळकळीची विनंती. दोन्हीकडे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण घरच्या उत्पन्नावर आधारित मदत असते, आणि डिव्हिजन थ्रीच्या अनेक कॉलेजांत गुणांवरही मिळते. काही वेळा ती डिव्हिजन टूच्या अर्ध्यामुर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त भरते. जेरेमी लिनने २००६ साली कॅलिफोर्नियात आपल्या शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिलं, तरी डिव्हिजन वनची एकही स्कॉलरशिप आली नाही. तो हार्वर्डला गेला, अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि एनबीएत खेळला. डंकन रॉबिन्सन विल्यम्स या डिव्हिजन थ्री कॉलेजातून मिशिगनला आणि तिथून एनबीएत पोचला. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: पहिल्या वर्षापासून त्याला भरपूर खेळायला मिळालं. वरच्या डिव्हिजनच्या बेंचवर तीन वर्षं बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा खेळावरचा जीव उडालेला पाहणं फार वाईट असतं.

दोन गोष्टी या महिन्यातच बघा. पहिली अभ्यासाची. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (एनसीएएने मानलेले मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या १०पैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. शाळेतला प्रत्येक विषय एनसीएए कोअर म्हणून धरत नाही, म्हणून शाळेच्या काउन्सेलरकडून मंजूर यादी मागून त्याच्या विषयांशी ताडून पाहा. एसएटीची अट २०२३पासून नाही, पण कॉलेज प्रवेशाला किंवा गुणांवरच्या मदतीला ती लागू शकते.

दुसरी व्हिसाची. मुलगा एच-४वर (तुमच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर त्याला कमाई करायला परवानगी नाही, आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतल्यावरही कामावर कडक मर्यादा असतात. नाव-प्रतिमेच्या जाहिरातीचे किंवा कॉलेजने थेट दिलेले पैसे घेतले तर त्याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. स्कॉलरशिप घ्यायला मात्र हरकत नसते. कुठल्याही करारावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा. सर्व्हिससाठी बाजूला काढलेल्या पैशांतून त्याची फी भरा, आणि उरलेल्यात जुलैच्या स्पर्धांचा प्रवास बसवा.