सगळं ठीक असूनही दिवस कोरडा जातो. रोजचा आनंद टिकवायचा कसा?

पगार वेळेवर होतो, घरात कटकट नाही, तरी मन रमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूरचा, दुकान चालवतो. माझ्या मते तुमच्या दिवसात माणसं कमी पडतायत.

नव्या गाडीचं, नव्या फोनचं अप्रूप लवकर ओसरतं. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या लोकांचा अभ्यास झाला होता. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींत त्यांना कमी गोडी वाटत होती. हार्वर्डचा १९३८ पासून चाललेला अभ्यास तर सांगतो, की म्हातारपणी सुखी आणि धडधाकट राहिले ते जिव्हाळ्याची नाती असणारे.

आमच्याकडची वेळअमावस्या बघा, शेतात जाऊन साजरा करायचा सण. आदल्या रात्री बायका मिळून तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलतात, सोबत गप्पा चालतात. सकाळी त्या दाण्यांची भज्जी (मिसळीची भाजी), ताकातली आंबील, बाजरीचे उंडे घेऊन सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडवांची पूजा, मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला हाताला धरून नेतात, आणि दुपारी लातूरच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तीच भज्जी घरात एकट्यानं खाऊन बघा, चव लागत नाही.

सण वर्षातून एकदा येतो, पण बोलावणं रोज जमतं. संध्याकाळी शेजाऱ्याला चहाला हाक मारा. जुन्या मित्राला काम नसताना फोन करा. कुणाच्या घरी लग्नकार्य असेल तर जेवणाच्या वेळेला न जाता आदल्या दिवशी जा आणि वाढायला उभे राहा. नुसतं पाहुणा होऊन बसण्यापेक्षा त्यात जास्त जीव लागतो. 'मूड आला की करू' म्हणत थांबू नका. आधी उठून करायचं, मन मागून येतं. नैराश्याच्या उपचारातही ही पद्धत वापरतात.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर चहा-गप्पांवर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.