मोठ्या भावंडाला रागावू देणारी चित्रपुस्तकं

लेक साडेचार वर्षांची, भाऊ तीन महिन्यांचा, आणि 'आता तू ताई झालीस हं' छापाची पुस्तकं आणली की ती बाजूला सारते, असं तुम्ही लिहिलंय. सारणारच. त्या पुस्तकांत बाळ गोंडस, ताई समजूतदार आणि चार पानांत सगळं आलबेल. मुलांना उपदेशाचा वास लांबूनच येतो. अशा वेळी पुस्तक निवडताना मी एकच बघते: त्यातल्या मोठ्या भावंडाला मनसोक्त रागावू दिलंय का?

सुरुवात एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'पीटर्स चेअर'ने (१९६७) करा. पीटरचा पाळणा, त्याची जेवायची उंच खुर्ची, सगळं नव्या बहिणीसाठी गुलाबी रंगवलं जातं. रंगवायची राहिलेली एक छोटी खुर्ची उचलून, कुत्र्याला बरोबर घेऊन पीटर घर सोडतो. घर सोडतो म्हणजे दाराबाहेर जाऊन थांबतो! तिथे बसायला जातो तर खुर्चीत मावत नाही. 'तू आता मोठा झालास' हे त्याला आईबाबा सांगत नाहीत, खुर्ची सांगते. शेवटी 'बाबा, ही पण रंगवू या' असं तोच म्हणतो. तिथे तुम्ही गप्प राहा. 'बघ, पीटर किती शहाणा' म्हणालात की पुढच्या वेळी हेही पुस्तक बाजूला गेलंच म्हणून समजा. पडद्याखालून बूट दिसतात ते पान मात्र सावकाश वाचा. आईला वाटतं पीटर तिथे लपलाय, पण असतात नुसते बूट. आई फसली की मुलं जाम खूश होतात.

रसेल होबन यांचं 'अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सिस' (१९६४, चित्रं लिलियन होबन यांची) खरं तर मोठ्यांनीच वाचावं असं आहे. बाळ आल्यापासून फ्रान्सिसच्या खाण्यात बेदाणे नाहीत, हवा तो फ्रॉक इस्त्री केलेला नाही. मग ती सामान बांधून राहायला जाते ती जेवणाच्या टेबलाखाली. आईबाबा तिला ओढून बाहेर काढत नाहीत. तिला ऐकू जाईल अशा बेताने, ती नसल्यामुळे घर कसं सुनं वाटतंय ते एकमेकांशी बोलत बसतात. हे संवाद टेबलाखाली पोचतील एवढ्या आवाजात वाचायचे, आणि फ्रान्सिसची गाणी सुचेल त्या चालीत म्हणायची.

केव्हिन हेंक्स यांच्या 'ज्युलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड'ला (१९९०) काही पालक बिचकतात, कारण त्यातली लिली उंदरीण भावाला चक्क जंतू म्हणते. मुलं तो शब्द उचलतात, हे खरंय. तरी तुमच्या लेकीसाठी मी हेच आधी मागवेन. शेवटी चुलत बहीण ज्युलियसला नावं ठेवते आणि लिली उसळते. माझ्या भावाला बोलायचं तर मी बोलेन, तू कोण? भावंडांचा हा कायदा कुठल्याही घरात मुद्दाम शिकवावा लागत नाही.

ही सगळी इंग्रजी पुस्तकं आहेत. आधी एकदा स्वतः वाचून ठेवा आणि मग घरी बोलता तशा मराठीत सांगा. शब्दाला शब्द लावत बसू नका. मुळात मराठीत वाचायचं असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर चित्रगोष्टी फुकट मिळतात, फक्त निवडून घ्याव्या लागतात. आणि बाळ झोपायची वाट बघू नका. बाळाला मांडीवर घेऊनच वाचा, पानं लेकीला उलटू द्या.

रुसवा ओसरला की शर्ली ह्यूज यांचं 'डॉगर' (१९७७). छोट्या डेव्हचं हरवलेलं कापडी कुत्रं शाळेच्या जत्रेत विकलं जातं आणि ते परत मिळवायला ताई बेला बक्षिसात मिळालेलं भलंमोठं अस्वल देऊन टाकते. पुस्तक तिचं कौतुक करत बसत नाही. आणखी एक अस्वल आलं असतं तर पलंगावर मलाच जागा उरली नसती, असं सांगून ती विषय मिटवते.

रुखसाना खान यांचं 'बिग रेड लॉलीपॉप' (२०१०) लगेच नको, सहा-सात वर्षांसाठी ठेवा. त्यातली अम्मी मोठीला वाढदिवसाला जायला देते, पण धाकटीला घेऊन जायच्या अटीवर, आणि त्यापायी मोठीला पुढे कितीतरी दिवस कुणी बोलावतच नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही अम्मी फार ओळखीची वाटेल. वाचून झाल्यावर 'तूपण असंच करतेस' हे ऐकायची तयारी ठेवा.