इंग्रजीत माणसाबद्दल सांगताना 'हू' लिहायचं, 'हूम' की 'दॅट'? आणि आधी स्वल्पविराम कधी द्यायचा?

'दॅट' चालतं. 'द वुमन दॅट कॉल्ड यस्टर्डे' शुद्ध इंग्रजी आहे आणि जुनंही आहे. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलात 'ही दॅट इज विदाउट सिन' आहे, आणि त्याच बायबलात 'अवर फादर विच आर्ट इन हेवन' म्हणत खुद्द देवाला 'विच' लावलंय. पुढे 'विच' माणसांवरून उठलं, 'दॅट' राहिलं. लेखी इंग्रजीत आज 'हू' जास्त दिसतं, म्हणून अर्जात, ऑफिसच्या पत्रात तेच लिहा. 'दॅट'ने माणसाचा अपमान होतो असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

खरं तर मी 'हूम'साठी लिहायला बसलोय.

आधीच्या नोकरीत एक साहेब होते. आपलं इंग्रजी पक्कं आहे असा त्यांचा समज होता, आणि ते साहेब असल्यामुळे ऑफिसचाही होता. एका उमेदवाराच्या शिफारसपत्रात मी लिहिलं, 'अ कँडिडेट हू वी बिलीव्ह इज रेडी फॉर द जॉब'. कागद परत आला तेव्हा 'हू'वर लाल काट आणि वर 'हूम'. मी केबिनमध्ये गेलो.

"अरे, 'वी बिलीव्ह' आहे ना पुढे? 'वी' कर्ता. मग हे कर्म. कर्माला 'हूम'."

"सर, 'वी बिलीव्ह' क्षणभर झाकून बघा. 'इज रेडी'चा कर्ता मग कोण?"

"आता तू मला शिकवणार?"

पत्र 'हूम'सकट गेलं. सही त्यांची होती, तेवढंच समाधान. पण साहेब करतात म्हटल्यावर खालचेही करायला लागले. शेजारच्या टेबलावरच्याने तर 'द पर्सन हूम केम यस्टर्डे' असा मेल पाठवला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. माझं ठाम मत आहे की 'हूम' गाळल्याने आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही. शिकलेलं दिसावं म्हणून कोंबलेलं 'हूम' मात्र लगेच उघडं पडतं.

तपासायचं असं: तुकडा सुटा करा आणि 'ही' बसतं की 'हिम' ते बघा. 'वी बिलीव्ह ही इज रेडी', म्हणून 'हू'. 'वी मेट हिम', म्हणून 'हूम'. आणि या दुसऱ्या ठिकाणीही रोजच्या लिखाणात तो शब्दच उडवतात: 'द मॅन वी मेट'. 'द मॅन टू हूम आय स्पोक' कोण लिहितं आता? 'द मॅन आय स्पोक टू' लिहून मोकळे होतात. 'हूम'वाचून अडतं ते 'मोस्ट ऑफ हूम'सारख्या जागी. मात्र 'हू' कर्ता असेल आणि लगेच पुढे त्याचं क्रियापद असेल तर गाळता येत नाही. 'द मॅन केम यस्टर्डे इज माय अंकल' हे वाक्य मोडकं आहे, आणि आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जातं. साहेबांनी लाल पेन तिथे चालवलं असतं तर मी स्वतः रिफिल आणून दिली असती.

स्वल्पविरामाचं थोडक्यात. 'माय ब्रदर हू इज अ डॉक्टर' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलंत, तर भाऊ अनेक आहेत आणि त्यांतला डॉक्टर तो, असा अर्थ निघतो. भाऊ एकच असेल तर 'हू'च्या आधी स्वल्पविराम द्या, आणि तुकडा संपल्यावरही द्या. हा दुसरा बहुतेक जण विसरतात. अशा स्वल्पविरामानंतर 'दॅट' चालत नाही, हे वरच सांगायला हवं होतं.

आता साहेबांच्या बाजूने दोन गोष्टी. 'हूम वी बिलीव्ह टू बी ऑनेस्ट' यात 'हूम' बरोबर आहे, कारण सुटं केलं की 'वी बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट' होतं. असं काही कुठे वाचून त्यांनी ते सगळीकडे लावलं असावं. दुसरं म्हणजे शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'मध्ये 'आर्थर, हूम दे से इज किल्ड टुनाइट' अशी ओळ आहे. हुबेहूब साहेबांचंच 'हूम'! ती त्यांनी त्या दिवशी काढली असती तर मी गप्प परत आलो असतो. त्यांनी काढला तो कर्माचा नियम, आणि 'इज'चा कर्ता कोण हे अजून सांगितलेलं नाही.