वारंवार अपयश येतं, त्यातून शिकायचं कसं आणि प्रेरणा टिकवायची कशी?

तीनदा पूर्व परीक्षा हुकली, दर निकालानंतर आठ-दहा दिवस जोर चढतो आणि मग पुन्हा मागचंच सुरू होतं, असं तुम्ही लिहिलंय. माझाही जोर आठच दिवस टिकायचा. म्हणून उत्तर लिहायला बसलो. पण आधीच सांगतो, हे यशस्वी उमेदवाराचं उत्तर नाही. मी गेवराई तालुक्यातला. २०१४ ते २०१८ औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच होतं) एका अभ्यासिकेत राज्यसेवेच्या मागे होतो. चार पूर्व दिल्या, चारही गेल्या. आता दीड एकर तुती आहे आणि रेशमाच्या अळ्या पाळतो.

प्रेरणेची मला कधी कमी नव्हती. दुसऱ्या निकालानंतर चुलतबहिणीच्या लग्नात भर पंगतीत मामांनी विचारलं, "काय भाचेबुवा, लागला का नंबर?" सगळी ओळ हसली. जेवण तसंच सोडून उठलो, रात्रीच्या एसटीने परत आलो आणि रोज दोन वाजेपर्यंत वाचायला लागलो. नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर तासभर गप्पा मारत होतो. रागावर अभ्यास होतो, पण राग हे लवकर जळणारं सरपण आहे. शिवाय त्या आठ दिवसांत मी वाचलं काय, तर इतिहास. तो मला आधीच येत होता.

खरं काय चुकत होतं, ते मला रेशमात कळलं.

२०२१ च्या पावसाळ्यात तुती लावली. जालन्यात २०१८ ला कोष बाजार सुरू झाला होता, त्यामुळे माल घेऊन कर्नाटकात रामनगरमला जायची गरज उरली नव्हती. पहिल्या दोन बॅच बऱ्या निघाल्या. दुसऱ्या बॅचचे पैसे हातात आल्यावर डोकं जरा हवेत गेलं. पाला तयार होता, चॉकी (म्हणजे वाढवून विकत मिळणाऱ्या बाल अळ्या) मिळत होती, म्हणून चार दिवसांत तिसरी बॅच शेडमध्ये घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अळी चार वेळा कात टाकते. चौथ्या कातीनंतरचा आठवडा म्हणजे नुसतं खाणं. एका बॅचला जेवढा पाला लागतो त्यातला ८० टक्क्यांच्या वर त्या आठवड्यात जातो. आमची अख्खी मेहनत तिथे ओतलेली असते. नेमकं त्याच आठवड्यात, पाचव्या दिवशी, अळ्या पाला सोडून रॅकच्या कडेला फिरायला लागल्या. अंग चकचकीत, सांधे सुजलेले. एक उचलली तर कातडी फुटून बोटावर दुधासारखं पाणी आलं. ग्रासरी, म्हणजे अळ्यांना विषाणूने होणारा रोग. तिसऱ्या दिवसापर्यंत खोऱ्याने उचलून खड्ड्यात पुरल्या, वरून चुना टाकला. बायकोने दोन दिवस शेडकडे पाहिलं नाही.

मी सगळ्यांना सांगत होतो, ऊन लई झालं, एप्रिल आहे, काय करणार. उन्हाने हा रोग बळावतो हे खोटंही नाही. पण शेजारच्या शेतातल्या आबांनी त्याच आठवड्यात, त्याच माणसाकडून चॉकी घेतली होती. त्यांना शंभर अंडीपुंजांना (एका मादी पतंगाने घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज) सत्तर किलो कोष निघाले. ऊन तर दोन्ही शेडवर सारखंच होतं.

आबांना बोलावलं. त्यांनी अळ्यांकडे बघितलंच नाही. खाली बसले, रॅकच्या जाळीखाली हात घातला आणि वाळलेल्या काड्यांबरोबर एक काळी पडलेली, चपटी अळी खरवडून काढली.

"हे कव्हाचं?"

"मागल्या लॉटचं."

"मग ह्या लॉटचं मला काय इचारायलास?"

मी शेड धुतलंच नव्हतं. नुसतं झाडून घेतलं होतं. ग्रासरीचा विषाणू मेलेल्या अळीत, जाळीत, जमिनीवर तसाच राहतो आणि पुढच्या बॅचला लागतो. म्हणजे नुकसान दिसलं शेवटच्या आठवड्यात, पण चूक झाली होती अळ्या शेडमध्ये यायच्या आधी. शेवटच्या आठवड्यात मी काय कमी केलं, हेच मी शोधत बसलो होतो. तिथे सापडण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या रात्री, का कोण जाणे, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. चारही पूर्वच्या उत्तरपत्रिकांच्या कार्बन प्रती त्यात होत्या. उत्तरतालिका लावून पहिल्यांदा नीट मोजलं. तेव्हा सी-सॅटचे (पूर्वचा दुसरा पेपर, उतारे आणि बुद्धिमत्तेचा) २०० गुणही मेरिटला धरायचे आणि तीन उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जायचे. सामान्य अध्ययन चारही वर्षं जवळपास सारखं होतं. सी-सॅटमध्ये ८० पैकी शेवटचे वीसेक प्रश्न चारही वर्षं घाईत काळे केलेले, त्यातले बहुतेक चूक. उतारे वाचण्यात वेळ संपायचा. पेटीत इतिहासाची पाच पुस्तकं निघाली. सी-सॅटचं एकच, तेही अर्ध्यापुढे कोरं. वेळ लावून उतारे सोडवले की मी किती हळू आहे ते दिसायचं, म्हणून मी त्या वाटेलाच जायचो नाही. आणि निकालानंतर मित्रांना सांगायचो, "थोडक्यात हुकलं रे."

तेव्हा तुम्ही आधी प्रेरणा शोधू नका. तिन्ही वेळच्या प्रती काढा, विषयवार बरोबर, चूक आणि सोडलेले असे वेगळे मोजा. सी-सॅट आता फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा आहे, त्यामुळे तुमची गळती दुसरीकडे असेल. हे एकट्याने करू नका. तुमच्याच खोलीत राहून, तीच पुस्तकं वाचून जो पूर्व पास झाला, त्याला शेजारी बसवा. वाईट वाटेल. मलाही आबांसमोर मान वर करवली नव्हती.

आणि प्रत्येक अपयशात धडा असतोच असंही नाही. पुढच्या वर्षी बांधापलीकडच्या कपाशीवर फवारणी झाली, वाऱ्याने औषध तुतीवर आलं आणि माझी बॅच गेली. ग्रासरीनंतर मी रोजच्या नोंदींची वही ठेवायला लागलो होतो. ती दोनदा तपासली, माझं काही चुकलं नव्हतं. एवढंच केलं की आता बांधालगतच्या चार ओळींचा पाला अळ्यांना घालत नाही, आणि शेजाऱ्याला फवारायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगितलंय. पेपर रद्द होणं, तारखा पुढे जाणं हे त्यातलंच धरा. त्यावर रात्री जागवू नका.

ती वही म्हणजे चाळीस पानी साधी वही. शेड कधी धुतलं, ब्लीचिंग किती, दुपारचं तापमान, कात कधी बसली, पाला किती वाजता टाकला, एवढंच. ग्रासरीनंतरच्या बॅचला ४८ किलो निघाले, त्यापुढच्या बॅचला ६६. आबांचा आकडा अजून गाठलेला नाही. परवा ते शेडमध्ये आले होते. पुन्हा जाळीखाली हात घातला, बोटं बघितली, काही न बोलता चहा पिऊन गेले.