गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर पहिली डॉक्युमेंटरी करतोयस तर...

अरे, आधी कॅमेरा घरी ठेव आणि डिचोली-सत्तरीत, खाणींच्या तालुक्यांत, जाऊन नुसता बस. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ खाण-लीज (खाणींचे भाडेपट्टे) रद्द केल्या हे सगळ्यांना पाठ आहे, पण ट्रकचा हप्ता थकलेला भाऊ आणि शेतात खाणीची माती आली म्हणून चिडलेला भाऊ एकाच घरात भेटतात, त्यामुळे व्हिलन ठरवायची घाई नको. पैशाचं म्हणशील तर लग्नाचे व्हिडिओ कर, लाज कसली! इफ्फीत (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) रेड कार्पेट बघत बसू नको (फोटो काढ हवा तर), त्याच वेळी भरणाऱ्या फिल्म बाजारात फिर, निर्माते तिथे भेटतात. मुंबईचा मिफ हा महोत्सव डॉक्युमेंटरी, शॉर्ट फिल्म आणि ॲनिमेशनवाल्यांसाठी आहे, फिल्म तिथेही पाठव. आणि हो, संमती लेखी घे, कोकणीत समजावून.