पोकरच्या टेबलवर कमी लेखतात: गप्प राहून फायदा घ्यावा की बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर खेळताय, बहुतेक वेळा टेबलवर एकट्याच बाई असता, शेजारचे न विचारता खेळ समजावतात आणि जिंकलात की नशीब म्हणतात. अनुभवी खेळाडूंचा सल्ला आहे की गप्प राहा, ते कमी लेखतात यातच तुमचा फायदा. हे खरं का, आणि आदर मिळवायचा कसा?

सल्ला अर्धा बरोबर आहे. मी तो पूर्ण बरोबर समजून काही वर्षं पाळला आणि त्यात माझं नुकसान झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बरोबर भाग आधी. समोरच्याने तुमच्याबद्दल पक्कं मत करून घेतलं असेल तर त्याचा खेळ त्या मताच्या मागून जातो. एकदा बदामाचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) पुरा होईल या आशेवर मी रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलवरच्या शेवटच्या उघड्या पानापर्यंत, गेले. रिव्हरवर काळं पान आलं. हातात जोडीसुद्धा नव्हती. समोरच्याने बेट लावली, मी रेज केलं, म्हणजे ती वाढवली. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग राजांची जोडी उघडी करून टेबलवर ठेवली आणि फोल्ड केलं, म्हणजे डाव सोडला. म्हणाला, "बाई रिव्हरला रेज करते म्हणजे तिच्याकडे असतंच." मी पत्ते पालथेच डीलरकडे सरकवले. पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) निम्म्या बेटचा ब्लफ, म्हणजे कच्च्या पत्त्यांवर केलेली बतावणी, तीनपैकी एकदा जरी चालला तरी तोटा होत नाही, आणि हा माणूस तर माझ्या प्रत्येक रेजला राजे टाकायला तयार होता. त्या रात्री मी त्याच्याविरुद्ध जास्त ब्लफ केले.

उलट प्रकारचेही भेटतात. बाई घाबरून फोल्ड करेल असं धरून चालणारे. ऑनलाइन पोकरवरचा 2016 चा एक अभ्यास आहे. त्यात टेबलवरचे सगळे अवतार स्त्रियांचे असले तर लोक सुमारे 6 टक्के जास्त वेळा ब्लफ करताना दिसले, आणि अवताराचा आपल्या निर्णयावर परिणाम होत नाही असंही त्यांना वाटत होतं. समोर माणूस नव्हता, आवाज नव्हता, नुसतं चित्र होतं. असा खेळाडू ओळखता आला तर त्याला जास्त कॉल करायचं (त्याच्या बेटएवढेच पैसे लावायचे), रेज कमी करायचं. इथपर्यंत तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर आहे.

आता चुकीचा भाग. हा फायदा पदरात पडायला टेबलवर टिकून राहावं लागतं. लाइव्ह खेळात तासाला जेमतेम 25-30 डाव होतात. त्यातले बहुतेक तुम्ही फ्लॉपआधीच, म्हणजे टेबलवर पहिली तीन पानं उघडण्याआधीच, सोडता. समोरच्याची एक सवय ओळखून तिचे पैसे वसूल करायला कित्येक बैठका लागतात. त्या सगळ्या बैठकांत तुम्ही शेजारच्याचं शिकवणं ऐकायचं, दिसण्यावरची टिप्पणी ऐकायची, आणि हसून सोडून द्यायचं. ज्या बायका दोन-तीन वेळा येऊन परत फिरकल्या नाहीत, त्यांना कमी लेखलं जाण्याचा कुठला फायदा मिळाला? "पूर्वग्रहाची किंमत पूर्वग्रह करणाराच मोजतो" हे वाक्य टेबलवर फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. त्याने चिप्स गमावल्या असतील, पण ज्या उठून गेल्या त्यांनी खेळच गमावला.

या सल्ल्यात अजून एक गोष्ट दडलेली आहे. पोकरमध्ये म्हणतात, मत्स्यालयाच्या काचेवर टकटक करू नका. म्हणजे कच्च्या खेळाडूला त्याच्या चुका सांगू नका, त्याच्याशी गोड बोला, नाहीतर तो सावध होईल किंवा उठून जाईल. वागणं वरवर सभ्य दिसतं, पण समोरच्याला मासा समजूनच ती सभ्यता दाखवलेली असते. म्हणून टेबलवर कोणी गोड बोलतंय एवढ्यावरून आदर आहे असं मी आता धरत नाही.

खेळाडूंच्या बोलण्यात 'रिस्पेक्ट' हा शब्द खरं तर बेटसाठी येतो. "तिच्या रेजला रिस्पेक्ट दे" म्हणजे तिच्याकडे चांगले पत्ते असणार असं धरून फोल्ड कर. हा आदर खेळून मिळतो, आणि तो नेहमी हवाच असतो असंही नाही, कारण ब्लफ कॉल न होण्यासाठी तो उपयोगी पडतो आणि चांगल्या पत्त्यांवर पैसे मिळवताना आड येतो. माणूस म्हणून मिळायचा आदर वेगळा. तो पहिला पत्ता वाटण्याआधीच असायला हवा, चांगलं खेळून तो कमवायचा नसतो. मी कितीतरी वर्षं या दोन्हींची गल्लत करत होते. अजून चांगली खेळले की ते नीट वागतील, असं वाटायचं.

तसं होत नाही. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या सर्वात नावाजलेल्या स्पर्धेच्या मेन इव्हेंटमध्ये बार्बरा एनराइट 1995 साली फायनल टेबलवर, म्हणजे शेवटी उरलेल्या मोजक्या खेळाडूंत, पोचल्या आणि पाचव्या आल्या. त्यांच्यानंतर दुसरी स्त्री, लिओ मार्गेट्स, त्या टेबलवर बसायला 2025 उजाडलं. मधल्या 30 वर्षांत व्हेनेसा सेल्ब्स्ट जागतिक क्रमवारीत पहिल्या आल्या. 2007 मध्ये ॲनेट ओब्रेस्टाडने एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना लंडनमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपचा मेन इव्हेंट जिंकला. एवढं सगळं झालं तरी तुमच्या शेजारचा तुम्हाला फ्लश म्हणजे काय ते समजावतोच आहे. एनराइट बाद झाल्या तो डाव मी बऱ्याच जणांना सांगते: त्यांच्याकडे दोन अठ्ठ्या, समोर कॉल करणाऱ्याकडे चौकटची छक्की आणि तिर्री. पाचपैकी साधारण चार वेळा अठ्ठ्या जिंकतात, त्या दिवशी हरल्या. त्या कॉलमागे पूर्वग्रह होता असं मी म्हणणार नाही, एका डावावरून तसं काही ठरत नाही. तुम्हीही एखाद्या वाईट कॉलवरून कोणाबद्दल निष्कर्ष काढू नका. नमुना पाहा: तोच खेळ हेडफोनवाल्या मुलाने केला की "क्या बात है" आणि तुम्ही केला की "नशीब जोरावर आहे", असं पुन्हा पुन्हा होतंय का.

इथे माझ्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. वयस्क खेळाडूंना पोकरमध्ये 'ओल्ड मॅन कॉफी' म्हणतात. तासन्‌तास फोल्ड करणार, आणि रेज केलं की एक्क्यांची जोडी. माझ्या डोक्यातही हे बसलेलं होतं. एक आजोबा समोर बसले होते. टर्नवर (चौथ्या उघड्या पानावर) त्यांनी चिप्स पुढे सरकवल्या तेव्हा हात इतका थरथरत होता की वरच्या दोन चिप्स गडगडल्या. थरथरता हात म्हणजे जबरदस्त पत्ते, हे पोकरमधलं जुनं आणि बऱ्याचदा खरं ठरणारं लक्षण. माझ्याकडे दोन जोड्या होत्या, मी त्या टाकल्या. अर्ध्या तासाने त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. तसाच थरथरत. मग चष्मा पुसताना, पत्त्यांचा कोपरा वर करताना, सगळीकडे तीच थरथर. त्यांचा आजार मी पत्त्यांचं लक्षण म्हणून वाचला होता. त्या डावात त्यांच्याकडे काय होतं ते मला कधीच कळलं नाही, पण मी त्यांच्याकडे दोन तास नीट पाहिलंच नव्हतं हे कळलं.

बाकीचे "काका, लवकर करा" म्हणत होते. डीलर मात्र वेगळा वागत होता. टेबलच्या लांबच्या टोकाची बेट त्यांना नीट दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून कोणी न सांगता तो प्रत्येक बेटचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि त्यांच्याकडे वळून थांबायचा. आदर म्हणजे काय ते मी त्या टेबलवर त्याच्याकडून शिकले. 2007 मध्ये मूळ वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या (युरोपच्या नव्हे) मेन इव्हेंटमध्ये हॅल लुबार्स्की नावाचे अंध खेळाडू मदतनीस शेजारी बसवून खेळले. तो पत्ते त्यांच्या कानात सांगायचा. 6,358 जणांत ते 197 वे आले. मदतनिसाला परवानगी मिळाली नसती तर त्यांचा खेळ कोणाला दिसलाच नसता.

आता तुमचं. डाव चालू असताना त्यांच्या गैरसमजाचा बिनदिक्कत फायदा घ्या, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. ब्लफ दाखवून त्यांना धडा शिकवायच्या भानगडीत पडू नका, फुकटची माहिती दिली जाते. डाव संपला की मात्र गप्प राहू नका. शिकवणाऱ्याला मी एकच वाक्य सांगते: "माझ्या डावाबद्दल मी विचारलं तरच सांगा." बहुतेक जण थांबतात. चालू डावात कोणी तुम्हाला सल्ला देत असेल तर तो नियमभंगही आहे, कारण एका हाताला (एकाला वाटलेल्या पत्त्यांना) एकच खेळाडू हा पोकरचा मूळ नियम आहे. ते डीलरला सांगायला संकोच करू नका.

एका नियमाबद्दल सावध राहा. डाव चालू असताना टेबलवर एकच ठरलेली भाषा बोलायची, हा नियम संगनमत टाळण्यासाठी असतो आणि योग्य आहे. पण दोन डावांच्या मध्ये कोणी आपल्या मित्राशी आपल्या भाषेत बोललं की त्याला हाच नियम फेकून मारणारे मी पाहिलेत. तसंच प्रत्येक वेळी "फेकलेले पत्ते दाखवा" म्हणणं. तो हक्क संगनमताच्या संशयासाठी आहे. एकाच माणसाच्या मागे लागून तो वापरला तर तो छळ होतो, आणि फ्लोअर मॅनेजर (टेबलांवरचे वाद सोडवणारा अधिकारी) तो हक्क काढून घेऊ शकतो.

प्रकरण टिप्पणी किंवा शिवीगाळीपर्यंत गेलं तर डाव संपताच डीलरला सांगून फ्लोअरला बोलवा. "हा माणूस वाईट आहे" असं सांगू नका. कोणत्या सीटवरून, कोणते शब्द, कितव्यांदा, एवढंच सांगा. टूर्नामेंटमध्ये अशा वागण्याला काही डाव बाहेर बसवण्यापासून बाद करण्यापर्यंत शिक्षा असते. पहिल्यांदा बोलवाल तेव्हा आवाज कापेल, माझा कापला होता. आणि शेजारच्या सीटवरच्या कोणावर हीच वेळ आली असेल तर त्याच्यासाठी तुम्ही बोलवा. तिसऱ्याने तक्रार केली की फ्लोअर जास्त लवकर लक्ष देतो, आणि ज्याला ऐकावं लागलं त्याला स्वतः बोलावं लागत नाही.